ल्यूबेक
जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातील बंदर आणि हॅन्झा व्यापारी संघाचे एके काळचे प्रमुख नगर. लोकसंख्या सु. २,१०,००० (२०११). हॅम्बुर्गच्या ईशान्येस सु. ६० किमी.वर ट्राव्हे नदीकाठी वसले आहे. स्थापना ११४३, १२२६ पासून साम्राज्याचे मुक्त नगर. ही स्वायत्तता नाझी राजवटीत, १९३७ मध्ये संपली. जुन्या नगराचा १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

होल्स्टन वेस (१४७८) छायाचित्रांतून सर्वपरिचित असली, तरी नगराचे खरे वैभव सेंट मेरी चर्च (मारिएनकिर्ख) हेच. बिशपचे कॅथीड्रल दक्षिणेच्या टोकाला, हे चर्च मात्र व्यापाऱ्यांनी व नगरसभेने भर बाजारात, टाउन हॉलला लागून उंचवट्यावर बांधले (सु. १२५०–१३५०). त्यात बिशपवर कुरघोडी करण्याचा हेतू उघड दिसतो. या भागात बांधकामाचा दगड मिळत नसल्याने फ्रेंच गॉथिक शैली भाजलेल्या विटांत उतरवावी लागली. मध्यदालनाचे कमानी छत ३८·५ मी. उंच असून विटांच्या छतांत ते जगात सर्वांत उंच मानतात. जोडमनोरे सु. १२५ मी. बाल्टिक किनाऱ्यावरील अनेक चर्चांनी याच इमारतीचा कित्ता गिरवला.

डीट्रिख बुक्स्टेहुड येथे १६६८ ते १७०७ या काळात ऑर्गनवादक होता. त्याचे वादन ऐकण्यासाठी १७०५ मध्ये तरुण योहान सेबास्टियान बाख आर्नश्टाटहून सु. ४०० किमी. पायी आला. रजा चार आठवड्यांची होती. तो परतला चारेक महिन्यांनी.

२८–२९ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश बाँबहल्ल्यात चर्च जळाले. दक्षिण मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. फरशीत रुतलेले त्यांचे फुटके, वेडेवाकडे तुकडे जागचे हलवलेले नाहीत. पर्यटकाने छताआधी ते पाहावेत. आगीत चुन्याचे थर गळून मध्ययुगीन भित्तिचित्रे उघडी पडली. १९५१ मध्ये त्यांचे ‘जीर्णोद्धारित’ रूप पाहून सारा देश हरखला, त्यांवर टपाल तिकिटेही निघाली. पुढच्याच वर्षी चित्रकार लोथार माल्स्काट याने वेदीकक्षातील आकृत्या आपणच रंगवल्याचे जाहीर केले. आधी कोणाचा विश्वास बसेना. अखेर खटला चालून त्याला व त्याच्या मालकाला तुरुंगवास झाला. त्या आकृत्या पुसून टाकल्या. तज्ज्ञांची फजिती म्हणून हे प्रकरण चर्चच्या इतिहासाइतकेच गाजले.

वेदीमागील प्रदक्षिणामार्गावर ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे वालुकाश्मातील शिल्प आहे. त्याच्या कडेला गुलाबाचे मूळ कुरतडणारा चिमुकला उंदीर कोरला आहे. शुभ म्हणून त्यावरून हात फिरवण्याची प्रथा असल्याने तो काळा नि गुळगुळीत झाला आहे. प्रवेशासाठी माफक शुल्क आकारतात.

नोबेल पारितोषिक विजेते लेखक टोमास मान (जन्म १८७५) व चॅन्सेलर विली ब्रांट (जन्म १९१३) हे मूळचे येथील.

नगराच्या ट्राव्हेम्युंडे या बंदरभागातून स्कँडिनेव्हियाकडे फेरीबोटी सुटतात. ल्यूबेकची मार्झिपान ही बदामाची मिठाई प्रसिद्ध आहे.