शब्दवेध : काँटिनेंटल

सुट्टीसाठी हॉटेलची खोली ठरवताना दरापुढे ‘सीपी’ ही अक्षरे दिसतात. ती ‘काँटिनेंटल प्लॅन’ची. या शब्दाचे मूळ लॅटिन. ‘कोन्तिनेरे’ म्हणजे एकत्र धरून ठेवणे. ‘तेर्रा कोन्तिनेन्स’ म्हणजे सलग भूमी. त्यातूनच इंग्रजीत खंडाला ‘काँटिनेंट’ म्हणू लागले. मालाचा ‘कंटेनर’ही याच धातूचा.

बेटावर राहणाऱ्या इंग्रजांच्या दृष्टीने समुद्रापलीकडचा युरोप म्हणजे ‘द काँटिनेंट’. इंग्रजांची न्याहारी अंडी-मांसाची, भरपेट. पलीकडच्यांची पाव, लोणी, जॅम आणि कॉफीची. म्हणून हलक्या न्याहारीला ‘काँटिनेंटल’ हे विशेषण चिकटले आणि न्याहारीसह खोलीच्या दराला ‘काँटिनेंटल प्लॅन’ असे नाव पडले.

त्याची भावंडेही भूगोलातूनच आली. १९व्या शतकात अमेरिकेतील अनेक हॉटेले राहणे आणि जेवण यांचा एकच दर लावत. तो ‘अमेरिकन प्लॅन’, म्हणजे ‘एपी’. युरोपीय रीतीने फक्त खोलीचे पैसे घेणारा तो ‘युरोपियन प्लॅन’, म्हणजे ‘ईपी’. ‘मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन’, म्हणजे ‘एमएपी’त न्याहारी आणि एक जेवण, बहुधा रात्रीचे.

आपल्याकडच्या ‘सीपी’त पोहे, इडलीही मिळतात, नावावरून पदार्थ ठरत नाहीत. एकच खोली ‘ईपी’त स्वस्त आणि ‘एपी’त महाग दिसते, म्हणून नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. पैसे भरण्यापूर्वी कोणती जेवणे दरात धरली आहेत, मुलांचे आणि कराचे काय, हे लेखी मागून घ्या.