ऐकणारा घरातच

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅप करण्यासाठी गृहसचिवांच्या आदेशाचे बंधन घातले. २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. या साऱ्यात ऐकणारा निदान ठाऊक तरी होता. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ उघडकीस आले, ते ५४ देशांतील किमान पाच लाख राउटर व साठवण-उपकरणांत दडलेले. उपकरण बंद करून पुन्हा सुरू केले, तरी त्याचा पहिला भाग टिकून राही आणि उरलेले भाग परत मागवून घेई. ते येत्या-जात्या माहितीतून पासवर्ड टिपत. घर अलीगंजमधले असो वा पुण्यातले, वाय-फायवरील प्रत्येक उपकरणाचा संवाद राउटरमधूनच जातो. तेथे न्यायालयाचा पहारा पोहोचत नाही. म्हणून राउटरचा मूळ पासवर्ड बदलणे, फर्मवेअर अद्ययावत ठेवणे आणि दूरनियंत्रणाची सोय बंद करणे, ही हक्करक्षणाचीच पहिली पायरी होय.