रानमेंढा कोणाचा ?

शिकारीचे कायदे हा विषय प्रथमदर्शनीं हौशी लोकांच्या फावल्या वेळचा वाटतो. परंतु एखाद्या देशांत रानाचा आणि डोंगराचा खरा धनी कोण, हें ज्यास जाणून घ्यावयाचें असेल त्यानें तेथील शिकारीचे परवाने कोणास मिळतात व कोणास मिळत नाहींत हें अवश्य पाहावें. या विधानाचा पडताळा म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अलास्का या संस्थानांतील रानमेंढ्यांचा इतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अलास्काच्या उंच कड्यांवर राहणारा हा मेंढा रंगानें पांढरा असून त्याचीं शिंगें वर्षागणिक वाढत जाऊन पूर्ण वेटोळें घेतात. एडवर्ड नेल्सन यानें १८८४ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें व विल्यम डॉल या संशोधकाचें नांव त्यास दिलें. अर्थात् हें नांव मिळण्याच्या कितीतरी आधींपासून तेथील लोक त्या प्राण्यास ओळखत होते. ब्रूक्स पर्वतांतील नूनामिउत, त्यांचे शेजारी ग्विचिन आणि रँगल पर्वताच्या पायथ्याचे आत्ना हे लोक त्याचें मांस खात, कातड्याचीं वस्त्रें करीत आणि शिंगें तापवून मऊ करून त्यांचे चमचे व पळ्या घडवीत. ज्या वर्षीं कॅरिबूंचे कळप वाट बदलून दुसरीकडे जात, त्या वर्षीं मेंढाच घर तारून नेई.

रशियानें १८६७ सालीं हा मुलूख बहात्तर लाख डॉलरांस अमेरिकेला विकला. पुढें सोन्याच्या शोधांत हजारों लोक तेथें लोटले, खाणींभोंवतीं गांवें वसलीं आणि त्यांना मांस पुरविण्याचा धंदा करणारे शिकारी डोंगरांत शिरले. १९०२ सालच्या शिकारीच्या कायद्यानें या व्यापाराला कांहीं आळा घातला. मात्र मूळ रहिवाशांस आणि अडलेल्या खाणवाल्यांस व प्रवाशांस अन्नवस्त्रापुरती शिकार करण्याची मुभा ठेविली. चार्ल्स शेल्डन नांवाचा एक शिकारी व निसर्गाभ्यासक १९०६ सालीं या मेंढ्यांच्या अभ्यासासाठीं डेनाली शिखराच्या परिसरांत आला. धंदेवाईक शिकाऱ्यांनीं कळप संपवितील अशी भीति त्यास वाटूं लागली. त्याच्या खटपटीमुळें १९१७ सालीं तेथें माउंट मॅकिन्ले राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. म्हणजे हें उद्यान मुख्यतः मेंढ्यांसाठीं निर्माण झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या उद्यानाच्या कायद्यांत एक अपवाद होता. सोनें शोधणाऱ्यांनीं व खाणवाल्यांनीं अन्नाचा तुटवडा पडल्यास गरजेपुरतीं जनावरें मारावीं असें त्यांत म्हटलें होतें. हा अपवाद १९२८ सालीं रद्द झाला. खाणवाल्यास काल आलेला पाहुणा असूनहि सवलत मिळावी, आणि पिढ्यान् पिढ्या त्या डोंगरावर जगलेल्यास मात्र कायद्यानें वेगळें ओळखूंहि नये, यांत कोणा एका अधिकाऱ्याची दुष्टबुद्धि शोधण्याचें कारण नाहीं. रान हें निर्मनुष्य असतें, हा त्या काळचा सार्वत्रिक समज होता आणि तोच कायद्यांत उतरला.

१९५९ सालीं अलास्का हें स्वतंत्र संस्थान बनलें. त्याच्या राज्यघटनेंत मासे, वन्य प्राणी व पाणी हीं नैसर्गिक स्थितींत असतील तोंवर सर्व जनतेच्या सामायिक उपयोगासाठीं राखलेलीं आहेत, असें उदार कलम घातलें गेलें. पण ‘सर्व जनता’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न त्या वेळीं कोणास विचारावासा वाटला नाहीं. १९६८ सालीं उत्तर किनाऱ्यास तेल सांपडलें आणि जमिनीच्या मालकीचा निकाल लावणें अपरिहार्य झालें. १९७१ च्या कायद्यानें मूळ रहिवाशांस चार कोटि चाळीस लक्ष एकर जमीन व शहाण्णव कोटि पंचवीस लक्ष डॉलर देण्याचें ठरलें. परंतु त्याच कायद्यानें त्यांचे शिकारीचे व मासेमारीचे परंपरागत हक्क संपुष्टांत आणले. जमीन मिळाली, पण जमिनीवर फिरणाऱ्या अन्नावरचा हक्क गेला, असा हा सौदा होता.

ही उणीव भरून काढण्याचा यत्न १९८० च्या कायद्यानें केला. या कायद्यानें दहा कोटींहून अधिक एकर भूमि राष्ट्रीय उद्यानें, अभयारण्यें इत्यादींसाठीं राखून ठेविली. आणि आठव्या प्रकरणांत असें ठरविलें कीं केंद्र सरकारच्या सार्वजनिक भूमीवर शिकार अपुरी पडल्यास ग्रामीण रहिवाशांच्या निर्वाहास प्रथम स्थान द्यावें. तेवढ्यानेंहि भागत नसेल तर त्यांच्यांतहि निवड करण्यासाठीं तीन कसोट्या दिल्या: उपजीविकेसाठीं त्या प्राण्यावरचें प्रत्यक्ष व परंपरागत अवलंबन, त्या जागेजवळचें वास्तव्य, आणि अन्नाच्या दुसऱ्या साधनांचा अभाव. नव्या उद्यानांत हौशी शिकारीस मज्जाव झाला. पण आसपासच्या नेमलेल्या गांवांतील लोकांस शिकारीची मोकळीक राहिली. नूनामिउतांचें अनाक्तुवुक पास हें गांव अशांपैकींच एक होय. या गांवासाठीं केंद्राच्या नियमांत सबंध गांवास मिळून साठ मेंढ्यांची मर्यादा घातलेली होती व त्यांत दहांहून अधिक माद्या नसाव्या अशी अट होती. परवाना एकट्यास नव्हे तर गांवास, ही कल्पना आमच्या मतें फार मोलाची आहे. कारण तेथें शिकार एक जण करतो आणि जेवतात अनेक घरें.

वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. कायद्यानें हक्क दिला तो वंशास नव्हे, वास्तव्यास. वंश हाच निकष धरावा तर समान नागरिकत्वाच्या तत्त्वास बाध येतो, म्हणून ‘ग्रामीण रहिवासी’ हा मध्यम मार्ग निघाला. पण त्याचा परिणाम विचित्र झाला. खेड्यांत जन्मलेली ग्विचिन स्त्री नोकरीसाठीं अँकरेज शहरीं गेली कीं तिची पात्रता संपते. आणि त्या खेड्यांत नुकताच येऊन कायम राहिलेला शिक्षक पात्र ठरूं शकतो. हद्दीबाहेर राहणाऱ्यास, आपल्या घराण्याची तेथील शिकारीची वहिवाट दाखवितां आल्यास, उद्यानांत स्वतंत्र परवाना मिळण्याची सोय आहे खरी; पण तीहि ग्रामीण रहिवाशांपुरतीच.

या मध्यम मार्गावर १९८९ सालीं मोठा आघात झाला. मॅक्डॉवेल खटल्यांत अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं केवळ ग्रामीण वास्तव्यावरून अग्रहक्क देणें संस्थानाच्या घटनेशीं विसंगत आहे. शहरांतहि रानावर जगणारे लोक आहेत आणि खेड्यांतहि असे लोक आहेत कीं ज्यांना शिकारीचें प्रयोजन नाहीं. या युक्तिवादांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल ? परंतु केंद्राचा कायदा ग्रामीण अग्रहक्क मागत होता आणि संस्थानाची घटना तो देऊं देत नव्हती. शेवटीं १ जुलै १९९० पासून केंद्र सरकारनें आपल्या भूमीवरील निर्वाहशिकारीची व्यवस्था स्वतःकडे घेतली. अलास्काची सुमारें साठ टक्के भूमि केंद्राची असल्यामुळें एकाच पर्वतावर दोन कायदे नांदूं लागले. संस्थानाच्या नियमांप्रमाणें बारा महिने अलास्कांत राहिलेला प्रत्येक जण रहिवासी. बाहेरून आलेल्या अमेरिकनास मेंढ्यासाठीं वाटाड्या किंवा जवळचा रहिवासी नातलग बरोबर हवा. आणि सर्वसाधारण परवान्यावर मारावयाचा तो पूर्ण वेटोळ्याच्या शिंगांचा नर. केंद्राच्या भूमीवर मात्र कित्येक ठिकाणीं ग्रामीण रहिवाशांस निराळी मुदत व निराळी मोजणी. मेंढा ओढा ओलांडून पलीकडे गेला कीं त्याच्याबरोबर शिकाऱ्याची पात्रताहि बदलते.

या वादांत खरें पणास काय लागलें आहे, हें आर्क्टिक व्हिलेज या ग्विचिन गांवाच्या उदाहरणावरून कळतें. विमानांतून येणाऱ्या हौशी शिकाऱ्यांमुळें मेंढे दूर पळतात, अशी गांवकऱ्यांची तक्रार होती. १९९० नंतरच्या दशकांत केंद्राच्या मंडळानें रेड शीप क्रीकचें खोरें बाहेरच्यांस बंद केलें. पुढें तें उघडलें व पुन्हां बंदहि झालें. हौशी शिकाऱ्यांचें म्हणणें असें कीं सार्वजनिक भूमि सर्वांची आहे. गांवकऱ्यांचें म्हणणें असें कीं ज्याच्या घरीं दुसरें अन्न आहे व ज्याच्या घरीं नाहीं, त्या दोघांस एकाच रांगेंत उभें करणें म्हणजे समता नव्हे. आमचा कौल दुसऱ्या पक्षाकडे पडतो. ज्याची निराशा भिंतीवर शिंगें लावतां आलीं नाहींत एवढीच असेल, त्यानें आधीं मागें सरावें. ज्याचा हिंवाळा उपाशी जाईल त्यानें शेवटीं.

पण हा कौल देतांना एक इशारा विसरतां येत नाहीं. लांबलेले हिंवाळे, उशिराचे वसंत आणि बर्फावर पडणारा पाऊस यांनीं अलीकडे मेंढ्यांची संख्या फार घटली आहे. २०१४ सालीं वायव्य अलास्कांतील मेंढ्यांची शिकार बंद करावी लागली. २०२२ सालीं मध्य ब्रूक्स पर्वताच्या कांहीं भागांतहि तीच पाळी आली. अशा वेळीं ग्रामीण अग्रहक्क असो वा सर्वांचा समान हक्क असो, दोन्ही कागदावरच राहतात. न्यायालयांत चाळीस वर्षें पात्रतेचा वाद चालला, आणि कळप त्या वादाच्या निकालाची वाट पाहात थांबला नाहीं.

म्हणून या इतिहासांतून आम्ही इतकेंच घेतों: हक्काचा क्रम लावणें हें न्यायाचें काम आहे आणि तें टाळतां येत नाहीं, पण त्या क्रमांत सर्वांच्या आधीं एक जागा मेंढ्याची आहे. शेल्डनला हें दिसलें, परंतु डोंगरावरचा माणूस दिसला नाहीं. नूनामिउतांना दोन्ही ठाऊक होतीं, कारण उद्यांचें जेवण त्याच कळपांतून यावयाचें होतें. जो कायदा त्यांच्या इतकें दूरवर पाहील, तोच ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ लावण्यास अधिकारी ठरेल.