खाजगी मानसोपचाराची पहिली भेट : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : चिखली परिसर, जि. बुलढाणा)

प्रस्तावना :
मराठीत 'मानसोपचार' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी रूढ झालेला आहे. मनोविकारतज्ज्ञाने औषधे देऊन केलेली चिकित्सा हा त्याचा एक अर्थ आणि प्रशिक्षित व्यक्तीने ठरलेल्या वेळी, ठरलेले शुल्क घेऊन, केवळ संवादाच्या साहाय्याने केलेले उपचार हा दुसरा. शब्द एकच असल्याने उपचार सुरू करणाऱ्या माणसाच्या अपेक्षांचा प्रारंभापासूनच गोंधळ होतो. चिखलीसारख्या बाजारपेठेच्या गावातून मोठ्या शहरातील मानसोपचारकाकडे प्रथमच गेलेला माणूस इंजेक्शनची, निदान गोळ्यांची तरी अपेक्षा बाळगून असतो. तेथे त्याला प्रश्न विचारले जातात, त्याचे बोलणे ऐकून घेतले जाते आणि पुढील आठवड्यात पुन्हा येण्यास सांगितले जाते. 'नुसते बोलण्याचे पैसे घेतले' हा त्यावरचा अभिप्राय अज्ञानातून आलेला आहे असे म्हणून सोडून देता येत नाही; या भेटीची घडण कोठे व कशी झाली हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात या घडणीचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे.

सार्वजनिक दुःखाची परंपरा :
चिखली आणि बुलढाणा या दोन्ही गावांपासून जवळ असलेले पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांचे स्थान संपूर्ण विदर्भ व मराठवाड्यात ख्यातकीर्त आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. हिंदू व मुस्लीम असे दोन्ही समाजांचे भाविक तेथे येतात आणि त्यांत 'बाहेरची बाधा' झाली असे मानलेल्या माणसांना घेऊन आलेल्या कुटुंबांची संख्या लक्षणीय असते. या परिसरातील माणसाच्या मनात मानसिक पीडा आणि तिचे निवारण यांचे जे चित्र आहे, ते अशा स्थानांनी घडविलेले आहे. त्या चित्रात पीडा खाजगी नसते. रुग्ण एकटा येत नाही. आई, पत्नी, भाऊ, भावकी सोबत असते. मुक्काम दिवसांचा वा महिन्यांचा असतो. बोलणे रुग्णाचे नसून 'अंगात आलेल्या'चे मानले जाते, त्यामुळे एरवी घरात उच्चारता न येणारे शब्दही चारचौघांत उच्चारले जातात आणि त्यांचा दोष रुग्णावर येत नाही.

ब्रिटिश अभ्यासक व्हिएडा स्कुल्टन्स यांनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. मंदिरात रुग्णासोबत राहणाऱ्या स्त्रियाच झपाटलेल्या अवस्थेत जातात आणि घरातील पुरुषाचा वा मुलाचा आजार आपल्यावर घेण्याची याचना करतात, असे त्यांना आढळले. आजार कुटुंबाचा आणि त्याचा भार स्त्रीचा, ही वाटणी तेथे धार्मिक विधीच्या रूपात दिसते. ती घराघरातही असतेच, तेथे ती दिसत मात्र नाही.

या परंपरेचा गौरव करण्याचे कारण नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत आणि अठ्ठावीस जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मात्र २००८ पासून 'दवा व दुआ' या नावाने वेगळा प्रयोग करण्यात आला. तेथे मुजावरांनाच रुग्ण ओळखून डॉक्टरांकडे पाठविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. निषेधापेक्षा ही वाट अधिक फलदायी दिसते.

भिंतीआडचे उपचार :
दुसरी परंपरा वसाहतकालीन 'वेड्यांच्या इस्पितळां'ची. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ मधील, तर ठाण्याचे १९०१ मधील. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याचा मुख्य भर रुग्णाला कोणाच्या आदेशाने आत घ्यावे आणि केव्हा सोडावे यावर होता. त्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घेतली, परंतु तो प्रत्यक्षात १९९३ मध्ये अमलात आला. 'नागपूरला दाखविले' या साध्या वाक्याला वैदर्भीय बोलण्यात जो वेगळा अर्थ चिकटला, त्याचे मूळ या इतिहासात आहे. सल्ला घेण्यासाठी जाणे आणि कोंडले जाणे यांत लोकमानसाने फरक केला नाही, कारण दीर्घकाळ व्यवस्थेनेही तो फारसा केलेला नव्हता.

हा फरक पुढे मुंबईत दिसू लागला. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाची स्थापना १९३६ मध्ये झाली आणि त्याच्याशी संलग्न बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये सुरू झाले. जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये डॉ. मसानी यांनी मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण सेवा आरंभिली. रुग्णाने यावे, बोलावे आणि सायंकाळी घरी परतावे ही आज सामान्य वाटणारी गोष्ट त्या काळी नवीन होती.

ठरलेली वेळ आणि ठरलेले शुल्क :
खाजगी भेटीची चौकट व्हिएन्नाची आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ साली उपचारांच्या प्रारंभाविषयी लिहिलेल्या निबंधात तिचे नियम आढळतात. रुग्णाला दिवसातील एक ठरावीक तास नेमून दिला जातो. तो आला नाही तरी त्या तासाचे मूल्य त्यानेच द्यावयाचे असते. आरंभीचे एक-दोन आठवडे चाचपणीचे असतात. उपचार किती काळ चालतील याचे निश्चित उत्तर देता येत नाही. पैशाविषयी आडपडदा न ठेवता बोलावे, असेही त्यांचे म्हणणे होते. सुमारे दहा वर्षे रोजचा एक, क्वचित दोन तास आपण विनामूल्य दिले, परंतु त्याने रुग्णाचा प्रतिकार कमी न होता वाढलाच, असा अनुभव ते नमूद करतात. हा अनुभव व्हिएन्नातील मध्यमवर्गाचा होता, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कापूस-सोयाबीनच्या हंगामावर ज्याच्या घरातील रोख पैसा अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत शुल्क हा प्रतिकाराचा नव्हे, प्रवेशाचाच प्रश्न ठरतो.

भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. इटलीतील वंशविषयक कायद्यांमुळे देश सोडावा लागलेले मनोविश्लेषक एमिलिओ सेर्वाडिओ १९३८ मध्ये मुंबईत आले आणि तेथे या पद्धतीला चालना मिळाली. तथापि आठवड्यातून अनेक भेटींचे, वर्षानुवर्षे चालणारे आणि बव्हंशी इंग्रजीतून होणारे हे उपचार मुंबईच्या एका लहान वर्गापुरतेच राहिले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. वाहिया यांनी १९६० च्या दशकात पतंजलीच्या योगविचारावर आधारित उपचारपद्धती मांडली, ती या पार्श्वभूमीवर महत्त्वाची आहे.

मराठी माणसाला संवादोपचाराची भाषा मिळाली ती दुसऱ्या दाराने. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजविली. प्रसंगामुळे नव्हे, तर प्रसंगाविषयीच्या हटवादी विचारांमुळे माणूस अस्वस्थ होतो, हे तिचे सूत्र. भेटी मर्यादित, बोलणे रोकठोक आणि घरी करावयाचा अभ्यास ठरलेला. आगरकरांपासून बुद्धिवादाची सवय असलेल्या मराठी वाचकवर्गाला ही पद्धत उपरी वाटली नाही. पुढे १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. व्याख्याने, पुस्तके, नाटके यांतून मनाच्या आजारांविषयी मराठीत मोकळेपणाने बोलले जाऊ लागले. २००४ मधील 'देवराई' या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा शब्द घरोघरी पोहोचविला. अर्थात ही घरे बहुतांशी मुंबई-पुणे-ठाणे पट्ट्यातील होती.

पहिल्या भेटीचे स्वरूप :
आज खाजगी मानसोपचारकाची पहिली भेट साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते. तीत त्रासाचे स्वरूप, झोप, भूक, पूर्वीचे आजार व औषधे, घरची परिस्थिती यांची विचारणा होते. आत्महत्येचे विचार येतात काय, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला जातो. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत निराधार आहे. किती दिवसांनी भेटावयाचे, शुल्क किती, भेट चुकल्यास काय, याचाही करार प्रारंभीच होतो. पहिल्याच भेटीत हलके वाटेल असे नाही. अनेकदा दडपलेले वर आल्याने काही दिवस अधिक जड वाटते. औषधाची गरज दिसल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले जाते, कारण मानसशास्त्रज्ञाला औषध लिहिण्याचा अधिकार नाही.

गोपनीयता हा या कराराचा गाभा होय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने ती रुग्णाचा हक्क म्हणून मान्य केली. जीवितास धोका, इतरांना इजा होण्याचा संभव, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या अपवादांतच ती बाजूला ठेवता येते. मात्र तालुक्याच्या गावात कायदा दवाखान्याच्या दारापर्यंतच पोहोचतो. दाराबाहेर उभी केलेली मोटारसायकल कोणाची, हे गाव ओळखते. मुलीचे लग्न व्हावयाचे असेल तर ही ओळख महाग पडते. म्हणून दूरच्या शहरातील उपचारक निवडला जातो आणि एस. टी.चे भाडे व बुडालेला रोज शुल्कात मिळविला जातो.

उपचारक पात्र आहे किंवा नाही हे पाहण्याचा हक्कही रुग्णाला आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' या पाटीला मात्र दीर्घकाळ कोणतेही बंधन नव्हते. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना कायद्याच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याने केला.

एकट्याचा तास आणि कुटुंब :
डॉ. जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-शिष्य नात्याचा नमुना भारतीय मानसोपचारासाठी सुचविला. येथील रुग्ण तटस्थ श्रोत्यापेक्षा वडिलकीने वाट दाखविणाऱ्याच्या शोधात असतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यात तथ्य आहे, तसा धोकाही आहे. गुरूला प्रश्न विचारता येत नाहीत, उपचारकाला विचारता आले पाहिजेत. याउलट कुटुंबाला दाराबाहेर बसविणारी व्हिएन्नाची चौकट जशीच्या तशी लावल्यास, सुनेला दुसऱ्या भेटीला पाठवावयाचे किंवा नाही हे बाहेर बसलेली सासूच ठरविते. अनेक मराठी उपचारक म्हणूनच पहिल्या भेटीचा काही भाग कुटुंबासाठी आणि उरलेला केवळ रुग्णासाठी राखून ठेवतात.

शासनाने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प हाती घेतला; त्यात बुलढाणा जिल्ह्याचा समावेश करण्यात आला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही १४४१६ या क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिच्यामुळे बसभाडे वाचते, मोटारसायकल कोणी ओळखत नाही. परंतु दोन खोल्यांच्या घरात अर्धा तास एकट्याने बोलण्यास जागा कोठे, हा प्रश्न शिल्लक राहतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने निरनिराळ्या मनोविकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे नोंदविले. ज्या बारा राज्यांत ते सर्वेक्षण झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता.