गावाने लावलेली टाळेबंदी

टाळेबंदी म्हटलं की मुंबईची गिरणी आठवते. १९२४ साली बोनसच्या वादात मालकांनी दारं लावून घेतली आणि लाखाहून अधिक कामगार रस्त्यावर आले. कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद आहे. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कारखाने किती? इथला भूमिहीन बौद्ध माणूस कापूस वेचतो, सोयाबीन सोंगतो. त्याच्यावर टाळेबंदी लादली गेली तर तिला बहिष्कार म्हणतात आणि ती 'सामाजिक प्रश्न' म्हणून बाजूला पडते.

बाबासाहेबांनी ही गल्लत केली नाही. ते ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते, तिच्या १९३० च्या अहवालात हे स्पष्ट लिहिलंय : अस्पृश्यांनी हक्क बजावला की त्यांना कसत्या जमिनीवरून काढतात, काम बंद करतात, नेहमीची वाट अडवतात, वाण्याला माल विकू देत नाहीत. समिती मुंबई इलाख्याची होती, बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात. पण वर्णन वाचताना आपलंच गाव वाटतं. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा दाखला देत बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी केली.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात टाळेबंदीची व्याख्या होती : कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम थांबवणे किंवा कामगारांना कामावर ठेवायला मालकाने नकार देणे. यातला तिसरा भाग गावच्या बहिष्काराला तंतोतंत लागू पडतो. फरक एवढाच की शेत बंद होत नाही. दुसऱ्या गावचे मजूर गाडीतून येतात, पीक निघतं. नोटीस नाही, सही नाही. प्रत्येक शेतकरी म्हणतो, "माझं वावर, कोणाला बोलवायचं ते मी ठरवीन." सगळ्यांनी एकाच दिवशी असं कसं ठरवलं, हे कोणी विचारत नाही. गिरणीमालकाचं नुकसान तरी होत होतं. इथे मालकाला झळ नाही, चूल फक्त आमची विझते.

१९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात बहिष्काराचा उल्लेख आला. ॲट्रॉसिटी कायद्यात 'आर्थिक बहिष्कार' हा शब्द यायला मात्र २६ जानेवारी २०१६ उजाडावा लागला. म्हणजे मागणीनंतर ८६ वर्षं!

आपलेही चुकतं. तक्रारीत आपण शिवीगाळ लिहितो, अपमान लिहितो. बुडालेली मजुरी लिहीत नाही. बेकायदा टाळेबंदीत गिरणी कामगार त्या दिवसांचा पगार मागतो. मग आपल्या बायांचे सोंगणीचे पंधरा दिवस गेले असतील, तर तो आकडा तक्रारीच्या पहिल्या पानावर का नको?