सव्वादोन ते साडेपाच

6 मे 1953. सूर्यास्ताच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. अपघात कसा झाला ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात सापडत नाही. न्यायालयाला त्याच्याशी कर्तव्यही नव्हतं. किनारा घरापासून दीड मैलावर. खाट आणवून त्याला घरी नेण्यात वेळ गेला. गावचे डॉक्टर साडेआठ-पावणेनऊला आले, त्यांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून पुण्याला न्या म्हणून सांगितलं. 8 तारखेला त्यांनीच कुठूनतरी तयार स्प्लिंट मिळवले आणि फळ्या काढून ते लावले. मग टॅक्सी. रात्री एकच्या सुमारास मुलगा, त्याची आई आणि स्वतः डॉक्टर निघाले. मुलाला अर्धवट आडवं टेकवून बसवलेलं, वाटेत घाट, अंतर सुमारे 200 मैल. 9 मेला सकाळी साडेअकराला ते पुण्यात पोचले.

हे सगळं 1969 च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या भागात, पान 128 वर छापलेलं आहे. पक्षकारांची नावं निकालाच्या शीर्षकातच आहेत. इथे ती मुद्दाम घेतलेली नाहीत. वाचताना जाणवतात ती घड्याळाची वेळ आणि मैलांचे आकडे. कायद्याच्या मराठीत ‘निष्काळजीपणा’पेक्षा ‘हयगय’ हा शब्द जास्त रुळलेला आहे. ही हयगय सिद्ध करायची तर कोणाचं मन कसं होतं हे शोधून भागत नाही. कोणी, किती वाजता, काय केलं, हे मांडावं लागतं. या निकालात ती मांडणी जवळजवळ तासागणिक आहे.

मुलाचे वडील दौंडला वैद्यकीय व्यवसाय करत. निकालपत्रात गावाचं नाव ‘धोंड’ असं, त्या काळच्या स्पेलिंगने आलं आहे. तेही पुण्यात येऊन थांबले होते. आधी एका धर्मादाय रुग्णालयात पाय एक्स-रेच्या पडद्यावर तपासला. हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती, आणि यासाठी पिन ट्रॅक्शन लागेल असं निदान झालं. मांडीचे स्नायू शरीरातल्या सर्वांत दणकट स्नायूंपैकी. हाड मोडलं की ते आखडतात आणि तुटलेली टोकं एकमेकांवर ओढून घेतात. पिन ट्रॅक्शनमध्ये हाडातून पोलादी पिन घालून वजन लावतात आणि स्नायूंना दिवसेंदिवस, सावकाश सैल करत आणतात. हेच काम हातांनी, एका बैठकीत करायचं तर रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागते. ही एवढी गोष्ट लक्षात असली की पुढचा खटला कळतो.

तिथून मुलाला एका शल्यविशारदाच्या खासगी इस्पितळात आणलं. ते बाहेर होते; सव्वादोनला सहायकाने मुलाला दाखल करून घेतलं. थोड्या वेळाने आलेल्या शल्यविशारदांनी तपासून एक-एक तासाच्या अंतराने दोन इंजेक्शनं द्यायला सांगितली, 1/8 ग्रेन मॉर्फिया आणि 1/200 ग्रेन हायोसिन. आजच्या मापात मॉर्फिया सुमारे आठ मिलिग्रॅम. सहायकाने एकच इंजेक्शन दिलं. मग तळमजल्यावर एक्स-रेचे दोन फोटो, आणि वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर. तिथे मुलगा तासाहून थोडा जास्त वेळ होता. साडेपाचला पाय प्लास्टरमध्ये घालून त्याला खोलीत आणलं.

सगळा खटला त्या तासाभराचा आहे.

वडिलांना सांगण्यात आलं, की सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल. ते दौंडला परतले. स्वतः डॉक्टर असलेला बाप मुलाला ठेवून निघतो, याचा अर्थ त्याला त्या शब्दात वावगं काही वाटलं नसावं. आई थांबली. साडेसहाच्या सुमारास तिला दिसलं, की मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय. शल्यविशारदांना बोलावलं, तातडीचे उपचार सुरू झाले आणि नऊपर्यंत चालले. नऊला मुलगा गेला. शल्यविशारदांनी दिलेल्या दाखल्यात मृत्यूचं कारण फॅट एम्बॉलिझम, म्हणजे हाडातल्या चरबीचे कण रक्तात शिरून अडकणं, असं आहे. खटल्यात या दाखल्याला निशाणी 138 मिळाली.

हे कारण बनावट वाटावं असं मुळीच नव्हतं. मांडीचं हाड मोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत हा धोका खरोखरच असतो, आणि इथे अपघाताला तीन दिवस झाले होते. आईवडिलांनी शल्यविशारदांवर भरपाईचा दावा लावला, त्यात बचावाचं म्हणणंही ऐकायला सुसंगत होतं: मुलगा लांबच्या प्रवासाने थकलेला, म्हणून हाड बसवणं पुढे ढकललं, हलका ताण देऊन फक्त प्लास्टरने पाय स्थिर केला, त्याला भुलीची गरज नव्हती. आईवडिलांचं म्हणणं याच्या उलट. तीन माणसांच्या मदतीने पाय जोराने ओढून हाड बसवलं आणि तेही नुसत्या मॉर्फियावर.

दिवाणी दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही. कोणती हकीकत जास्त संभवनीय, एवढं पाहतात. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने आईवडिलांची हकीकत मानली. सर्वोच्च न्यायालयात निकाल न्या. जे. एम. शेलत यांनी लिहिला आणि शल्यविशारदांचं अपील फेटाळलं. भूल देण्याची प्राथमिक खबरदारी न घेता हाड बसवलं, त्यातून शॉक बसला आणि तेच मृत्यूचं निकटचं कारण, असा निष्कर्ष कायम झाला.

त्याच निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली आहेत. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. यातलं एक चुकलं तरी दावा उभा राहतो. मापही दिलं आहे: ज्ञान आणि काळजी वाजवी हवी, अत्युच्च नको, पण अगदी खालच्या प्रतीचीही चालणार नाही. उपचार निवडण्याची मोकळीक डॉक्टरला आहे, आणीबाणीत तर जास्तच. माझ्या वाचनात या खटल्याचं महत्त्व इथे आहे. पिन की प्लास्टर, या निवडीवरून शल्यविशारद हरले नाहीत. जे केलं ते करताना भूल दिली नाही, यावर हरले. त्यांनी हाड बसवलंच नाही असं सांगितलं, आणि ते पटलं नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्याच्या कितीतरी आधी, साध्या दिवाणी दाव्यात ही तीन कर्तव्यं लिहिली गेली होती.

भरपाई 3,000 रुपये. निकालाची तारीख 2 मे 1968. त्या रात्रीला पंधरा वर्षं व्हायला एक आठवडा कमी. निकालपत्रात वडील ‘उत्तरवादी क्रमांक 1’ आहेत, आई ‘उत्तरवादी क्रमांक 2’. साडेसहाची नोंद क्रमांक 2 ची आहे.