एमआरआयचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन: गॅडोलिनियम नेमकं काय करतं?

चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावातून पेशंटला एमआरआयसाठी मोठ्या शहरात पाठवलं, की चिठ्ठीवर कधी कधी ‘विथ कॉन्ट्रास्ट’ असं लिहिलेलं असतं. सेंटरवर गेल्यावर आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात, एका फॉर्मवर सही घेतात आणि हाताच्या शिरेत सुई लावतात. या इंजेक्शनमध्ये असतं काय? आणि एमआरआय डोक्याचा असला तरी किडनीची चौकशी कशाला? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच धातूत आहे: गॅडोलिनियम.

एमआरआय काय बघतो?

आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन. मशीनचं चुंबक या हायड्रोजनच्या केंद्रकांना एका दिशेला वळवतं, मग रेडिओ लहरी त्यांना ढळवतात. ती परत जागेवर यायला जो वेळ घेतात, त्याला टी-वन म्हणतात. टी-वन जितका कमी, तितका तो भाग फोटोत उजळ दिसतो. गॅडोलिनियम जवळच्या पाण्याचा टी-वन कमी करतं. मेंदूत ट्यूमर असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा गळक्या असतात. औषध तिथे झिरपतं आणि तो भाग चमकतो.

(सीटी स्कॅनचं कॉन्ट्रास्ट वेगळं असतं. त्यात आयोडीन असतं.)

गॅडोलिनियमच का?

हा लँथनाइड गटातला धातू आहे. औषधात तो ज्या रूपात असतो, त्यात जोडी नसलेले ७ इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक जण छोट्या चुंबकासारखा वागतो. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला ज्याचा कारखाना उभा राहिला, त्या लोखंडाकडे असे इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त ५ असतात. मँगनीजकडेही ५. या दोघांवरही संशोधन चालू आहे, पण आज बहुतेक कॉन्ट्रास्ट इंजेक्शनं गॅडोलिनियमचीच असतात.

अडचण अशी की सुटं गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा आकार कॅल्शियमच्या जवळपास असल्यामुळे ते शरीरातल्या कॅल्शियमच्या कामात लुडबुड करतं. म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून मगच शरीरात सोडतात. साठ किलोच्या माणसाला नेहमीच्या डोसमध्ये जवळपास १ ग्रॅम गॅडोलिनियम दिलं जातं. म्हणजे पिंजरा मजबूत हवाच.

पिंजऱ्याचे दोन प्रकार

साखळी: लांब हातांचा रेणू धातूला विळखा घालतो. १९८८ मध्ये बाजारात आलेलं पहिलं औषध, मॅग्नेविस्ट, या प्रकारचं.

कडं: रेणू गोल असतो आणि धातू मधे अडकतो. ‘डोटा’ हा यातला प्रसिद्ध पिंजरा. यातून धातू सहजी सुटत नाही.

फरक किती मोठा आहे, ते २००६ मध्ये कळलं. किडनी निकामी झालेल्या काही पेशंटची त्वचा आणि आतले अवयव कडक होत होते. या आजाराचं नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. त्याचा संबंध गॅडोलिनियमशी, मुख्यतः साखळीवाल्या औषधांशी लागला. औषध लघवीवाटे बाहेर जातं. किडनी मंद असेल तर ते शरीरात रेंगाळतं आणि धातूला सुटायला वेळ मिळतो. २०१७ मध्ये युरोपने साखळीवाल्या काही औषधांचा शिरेतून वापर थांबवला.

चांगलं औषध डिझाइन करायचं म्हणजे काय?

इथे खरी रस्सीखेच आहे. गॅडोलिनियमला धरायला ९ जागा असतात. डोटा त्यातल्या ८ पकडतो आणि नवव्या जागेवर पाण्याचा एक रेणू बसतो. उजेड मुख्यतः या पाण्यामुळेच येतो. सगळ्या जागा बंद केल्या तर धातू एकदम सुरक्षित, पण फोटो फिका. जास्त जागा उघड्या ठेवल्या तर फोटो झकास, पण धातू निसटायची भीती.

रसायनशास्त्रज्ञांच्या हातात तीन गोष्टी असतात:

१. पाण्याच्या जागा: एकाऐवजी दोन रेणू बसवणं.
२. अदलाबदलीचा वेग: बसलेलं पाणी उठून नवं यायला हवं. डोटामध्ये हे सेकंदाला साधारण ४० लाख वेळा होतं. याहून जलद झालं तर आणखी फायदा.
३. गिरकी: लहान रेणू फार वेगात फिरतो, त्यामुळे परिणाम कमी होतो. त्याला जड फांद्या जोडल्या किंवा रक्तातल्या प्रथिनाला चिकटवलं, की तो सावकाश फिरतो.

अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालेलं गॅडोपिक्लेनॉल याचं उत्तम उदाहरण. त्याचा पिंजरा कड्याचाच, पण ७ जागा धरणारा, म्हणून पाण्याचे दोन रेणू बसतात. वर जड फांद्याही आहेत. परिणाम: नेहमीच्या निम्म्या डोसमध्ये काम भागतं.

हाच पिंजरा मुंबईत

डोटाचा पिंजरा फक्त फोटोपुरता नाही. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीमध्ये ल्युटेशियम-१७७ बनतं. हाही लँथनाइडच, पण किरणोत्सारी. त्याला डोटाच्या पिंजऱ्यात बसवून, पिंजऱ्याला ट्यूमर ओळखणारा रेणू जोडतात आणि काही प्रकारच्या कॅन्सरवर उपचार करतात. धातू बदलला की त्याच पिंजऱ्याचं काम बदलतं.

स्कॅनआधी एवढं लक्षात ठेवा

• किडनीचा जुना त्रास, डायलिसिस किंवा मधुमेह असेल तर आधीच सांगा. गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेल बराच आढळतो आणि त्याचा परिणाम किडनीवरही होऊ शकतो, म्हणून तेही सांगा.
• क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ हा आकडा बघा. तो ३० च्या खाली असेल तर जास्त काळजी घ्यावी लागते.
• गरोदर असाल किंवा आधी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल तर लपवू नका.
• ‘औषध साखळीचं की कड्याचं?’ हे बिनधास्त विचारा. इंग्रजीत यांना लिनियर आणि मॅक्रोसायक्लिक म्हणतात.

किडनी ठणठणीत असेल तर बहुतेक औषध दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे डॉक्टरांनी गरज सांगितली असेल तर घाबरून स्कॅन टाळू नका. फक्त माहिती पूर्ण द्या आणि प्रश्न विचारून घ्या.